भाव करायला कुणी नाही

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका ट्रस्टच्या कॅन्सर हॉस्पिटलात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. दारावर पाटीही तशीच आहे, पण रुग्णांच्या लेखी ही ‘पैशाच्या मॅडमची खोली’. डॉक्टरांनी उपचार लिहून दिले की फाईल माझ्या टेबलावर येते. रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणतं पॅकेज बसतं, उरलेल्या रकमेसाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करायचा की एखाद्या देवस्थानाला लिहायचं, इस्टिमेटवर कुणाची सही राहिली, हे सगळं या टेबलावर जुळवायचं. बऱ्याच कॅन्सरांत ते जुळतं. स्तनाच्या कॅन्सरची केमो, गर्भाशयमुखाचं रेडिएशन, तोंडाचं ऑपरेशन, थोडी धावपळ करावी लागते पण मार्ग निघतो. योजनेची कुटुंबामागची वार्षिक मर्यादाही दीड लाखांवरून पाच लाखांवर गेली आहे.

फुप्फुसाच्या चौथ्या स्टेजच्या फाईलवर डॉक्टर ‘इम्युनो’ असा शब्द लिहितात तेव्हा मात्र माझं सगळं कसब तोकडं पडतं. आमच्याकडे तरी हे औषध योजनेच्या पॅकेजात बसलेलं मी पाहिलेलं नाही. मग समोरच्या घराला एकट्याने ठरवावं लागतं, आणि ठरवायचं ते माझ्यासमोर बसून.

औषध काय करतं ते सांगायला मी आता शिकले आहे. कॅन्सरच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन बाळगतात. आपल्या रक्तातल्या लढाऊ टी-पेशीवर पीडी-१ असतं. ही दोन एकमेकांना चिकटली की टी-पेशी हल्ला थांबवते. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही औषधं ही चिकटण्याची जागा अडवतात आणि शरीराचीच फौज पुन्हा कामाला लागते. या शोधाच्या मुळाशी असलेल्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ‘म्हणजे केमो नाही ना? केस जाणार नाहीत ना?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. दुसरा, ‘बरं होणार का?’ तिसरा विचारताना आवाज खाली येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत आहे. पीडी-एल१ चं प्रमाण ५० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांवर कीनोट-०२४ ही चाचणी झाली. तिचे पहिले निष्कर्ष २०१६ मध्ये आले. पाच वर्षांनंतर पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के हयात होते, केमो घेऊन सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के. केमोच्या गटातल्या अनेकांना पुढे इम्युनोथेरपी मिळाली होती, तरी एवढा फरक. चौथ्या स्टेजच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं हा शब्द पूर्वी कुणी सहसा उच्चारत नसे. त्यामुळे आमचे डॉक्टर हा आकडा सांगताना खुलतात, आणि ते मला समजतं.

पण तोच आकडा टेबलाच्या या बाजूला आला की त्याचा अर्थ पालटतो. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका होते. फंडाचे पैसे बँकेत, मुलगा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. डॉक्टरांनी शंभरातले तीस-बत्तीस वगैरे सगळं नीट समजावलं होतं. माझ्याकडे येऊन काका म्हणाले, “ताई, शंभरात तिसांना लागू पडतंय म्हणत्यात. तिकीट सगळ्यांनी शंभर टक्के भरायचं, अन् गाडी तिसांनाच न्यायची. आमचा नंबर त्यात हाय का न्हाय, एवढंच सांगा.” मी ते सांगू शकत नव्हते, डॉक्टरही नाही. पीडी-एल१ ची चाचणी शक्यता सांगते, नंबर सांगत नाही.

आता तिसरा प्रश्न, पैशांचा. ठरलेला डोस २०० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, जास्तीत जास्त ३५ वेळा, म्हणजे दोन वर्षं. कुपी १०० मिलिग्रॅमची, तेव्हा एका डोसला दोन कुप्या. एका कुपीची छापील किंमत लाखाच्या बरीच वर. एक डोस तीन लाखांना धरला तरी दोन वर्षांचा आकडा एक कोटी पाच लाख होतो. एवढे पैसे प्रत्यक्षात सहसा कुणी भरत नाही, कारण कंपन्यांच्या मदत योजना असतात: अमुक डोस विकत घ्या, पुढचे मोफत. त्या योजनांची कागदपत्रंही मीच भरते, आणि त्यांच्यामुळे काही माणसं आज हयात आहेत हेही खरं. तरीही घराला दहा-वीस लाख उभे करावे लागतात, आणि तेही सुरुवातीलाच. औषध लागू पडतंय की नाही हे पहिल्या स्कॅनला, दोन-तीन महिन्यांनी कळतं. तोपर्यंत विकत घ्यायच्या डोसांपैकी बरेचसे होऊन गेलेले असतात. म्हणजे मोफत डोस मिळतात ते बहुतांशी त्यांना, ज्यांना औषध लागू पडलं. ज्यांना लागू पडत नाही ते पैसे भरून थांबतात.

या औषधाच्या ‘परवडण्याचा’ शास्त्रशुद्ध हिशेब कसा होतो ते मला एका अभ्यासामुळे कळलं. आरोग्य-अर्थशास्त्राच्या एका प्रकल्पासाठी आमच्या रुग्णांकडून माहिती गोळा करायची होती आणि ते काम माझ्याकडे आलं. दोन तऱ्हेचे प्रश्न होते. एक खर्चाचे: औषधं, तपासण्या, गाडीभाडं, जेवण, सोबत आलेल्याचा बुडालेला रोज. दुसरे प्रकृतीचे. जगभर वापरली जाणारी ईक्यू-५डी नावाची प्रश्नावली आहे. हिंडणं-फिरणं, स्वतःची आवराआवर, नेहमीची कामं, दुखणं आणि मनाची काळजी-उदासी अशी पाच अंगं, आणि प्रत्येकापुढे ‘काही त्रास नाही’पासून ‘करूच शकत नाही’पर्यंत पाच पायऱ्या. कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे याचा भारतीय लोकांना विचारून तयार केलेला तक्ताही आहे. चंडीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने तो झाला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

कागदावर पाच प्रश्न पाच मिनिटांचे. प्रत्यक्षात एकेका खुणेवर बराच वेळ जायचा. जन्मात विडी-तंबाखूला हात न लावलेल्या, चुलीपुढे आयुष्य गेलेल्या एक मावशी होत्या. ‘नेहमीची कामं करता येतात का?’ तर म्हणाल्या, “भाकरी थापते की. पण पिठाचा डबा सून काढून देते. अन् थापताना मधी एकदा भिंतीला टेकून बसावं लागतं.” आता हा ‘थोडा त्रास’ की ‘मध्यम’? मी ‘मध्यम’वर खूण करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. “मध्यम नगं लिहू बाई, सून वाचंल.” शेवटी एक उभी पट्टी असते, शून्यापासून शंभरापर्यंत, आजची प्रकृती तिच्यावर दाखवायची. आमचे कंडक्टर काका पट्टीकडे बघून म्हणाले, “येताना बसायला जागा मिळाली तर सत्तर. उभ्यानं आलो तर तीस.” त्या दिवशी ते उभ्याने आले होते. मी तीस लिहिलं.

या उत्तरांतून एक माप तयार होतं, त्याला क्वाली म्हणतात. पूर्ण प्रकृतीने जगलेलं एक वर्ष म्हणजे एक क्वाली. अर्ध्या प्रकृतीने जगलेली दोन वर्षं म्हणजेही एकच. नव्या औषधाने जुन्यापेक्षा किती क्वाली जास्त मिळाले आणि किती पैसे जास्त लागले, याचा भागाकार केला की एका क्वालीची किंमत निघते. ती मर्यादेच्या आत असेल तर उपचार ‘किफायतशीर’. आपल्याकडे आरोग्य संशोधन विभागाखाली एचटीए-इन ही यंत्रणा हे काम करते, आणि तिची मर्यादा आहे देशाच्या एका वर्षाच्या दरडोई उत्पन्नाएवढी, म्हणजे ढोबळमानाने दोन लाखांच्या थोडी वर. प्रकल्पातल्या अर्थशास्त्रज्ञ मुलीने हे सांगितलं तेव्हा मी फाईल उघडून एका डोसचं बिल तिच्यापुढे ठेवलं. एका निरोगी वर्षासाठी देशाने जेवढे पैसे मोजायचे ठरवले, त्याहून एका डोसचं बिल जास्त होतं. पुढची गणितं संगणकाने केली, पण निकाल त्या क्षणीच दिसत होता.

मला प्रश्न पडला की या निकालाचं पुढे होतं काय. तिने इंग्लंडचं उदाहरण दिलं. तिथे नाइस ही संस्था हाच हिशेब करते. तिची मर्यादा बरीच वर्षं एका क्वालीमागे २० ते ३० हजार पौंड अशी होती, आयुष्याच्या अखेरच्या उपचारांना त्याहून सैल. पेम्ब्रोलिझुमॅब तिथेही छापील किमतीला बसत नव्हतं. पण नाइसने ‘नाही’ म्हटलं की साऱ्या देशाची सरकारी आरोग्यसेवा ते औषध घेत नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून कंपनीला किंमत खाली आणावी लागते. किती खाली, ते गोपनीय. पण त्या सवलतीवर २०१८ मध्ये हे औषध तिथे फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीलाच द्यायचं औषध म्हणून नेहमीच्या उपचारांत आलं. म्हणजे तो भागाकार हे भाव करण्याचं हत्यार आहे.

आपल्याकडे हत्यार आहे, ते चालवणारा हात नाही. सरकार हे औषध घाऊक विकत घेत नाही, विमा असलेले थोडे, आणि असला तरी मर्यादा तुटपुंजी. गिऱ्हाईक म्हणजे माझ्यासमोर बसलेले काका आणि त्यांचा मुलगा. ते काय भाव करणार? ‘घेत नाही’ म्हणून उठून गेले तर कंपनीला कळणारसुद्धा नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनीच लिहिलं आहे की भारतात गरज असलेल्यांपैकी तीन टक्क्यांहून कमी रुग्णांना इम्युनोथेरपी मिळते. उरलेले सत्त्याण्णव कुठल्याही वाटाघाटीत नसतात. इतकी वर्षं या खुर्चीवर बसून माझं एक मत पक्कं झालं आहे: हे औषध किफायतशीर आहे का, हा प्रश्न घराला विचारणंच चूक आहे. सरासरी हजारांच्या बाजूने बोलते. घरात माणूस एक असतो. त्याला एक तर वर्षं मिळतात, नाहीतर नुसतं बिल.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. मार्च २०२३ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबवरचं मूळ सीमाशुल्क माफ झालं, जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आणखी तीन कॅन्सर औषधांवरचं झालं, त्यांपैकी ओसिमर्टिनिब आणि दुर्व्हालुमॅब ही फुप्फुसाच्या कॅन्सरचीच. पण कर माफ करणं म्हणजे भाव करणं नव्हे. भाव कसा होतो ते नॅशनल कॅन्सर ग्रिडने दाखवलं आहे. देशातल्या कॅन्सर केंद्रांच्या या जाळ्याने ४० औषधांची एकत्र खरेदी केली आणि छापील किमतीच्या तुलनेत २३ पासून ९९ टक्क्यांपर्यंत बचत झाली. मात्र ही किमया चालते ती जिथे एकच औषध बनवणारे अनेक आहेत तिथे. पेटंटखालच्या औषधाला विक्रेता एकच असतो. निव्होलुमॅबच्या भारतातल्या पेटंटवरून दिल्ली उच्च न्यायालयात कंपन्या भांडल्या, त्या भांडणाच्या बातम्या आमच्या फार्मसीत क्रिकेटच्या स्कोअरसारख्या वाचल्या जायच्या. पेटंट संपणं म्हणजे आमच्यासाठी काय, ते आमच्या फार्मासिस्टला विचारावं.

हाच फार्मासिस्ट मला एकदा म्हणाला, “मॅडम, पेशंटचं वजन बघितलं का?” वजन होतं ४८ किलो. सुरुवातीच्या काळात पेम्ब्रोलिझुमॅबचा फुप्फुसासाठीचा मंजूर डोस किलोला दोन मिलिग्रॅम होता. त्या हिशेबाने ९६ मिलिग्रॅम, म्हणजे एक कुपी. पुढे सर्वांना सरसकट २०० मिलिग्रॅम ठरलं. १०० किलोच्या माणसाला त्यात फरक पडत नाही. आमचा ४८ किलोचा रुग्ण मात्र दुप्पट घेतो आणि दुप्पट भरतो. ही आमच्या फार्मासिस्टची कल्पना नव्हे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी मांडलं होतं की वजनावर डोस दिला तर एकट्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्या देशाचे वर्षाला ८० कोटी डॉलरहून जास्त वाचतील. कॅनडातल्या अनेक प्रांतांत किलोला दोन मिलिग्रॅम, कमाल २००, अशीच पद्धत आहे. आमच्याकडे ट्यूमर बोर्डात हा मुद्दा आला, चर्चा झाली, आणि आता हडकुळ्या रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर वजन बघून लिहितात. एका ओळीने घराचा खर्च निम्मा होतो.

याहून धीट पाऊल टाटा मेमोरियलने टाकलं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त औषधांना त्यांनी निव्होलुमॅबच्या फक्त २० मिलिग्रॅमची जोड दिली. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम. एक वर्षानंतर हयात राहिलेल्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा आमच्याकडे पेढे वाटायचेच राहिले होते. फुप्फुसासाठी असा भक्कम पुरावा अजून नाही. कोरियातून आणि सिंगापूरमधून कमी डोसच्या आशादायक नोंदी आल्या आहेत, पण त्या मागे वळून तपासलेल्या फाईलींवरच्या. डॉक्टर हे स्पष्ट सांगतात, आणि तरीही पूर्ण डोस अशक्य असलेल्यांपुढे तो पर्याय ठेवतात. मग फार्मसीत ‘निव्होचा दिवस’ ठरतो. ४० मिलिग्रॅमची कुपी दोघांत वाटायची तर दोघांनीही त्याच दिवशी यायला हवं. एकाचं रक्त कमी निघालं की दुसऱ्याच्या मुलाला मी फोन करते. कमी डोसची चाचणी कुठली कंपनी करणार? आपलं औषध कमी लागतं हे सिद्ध करायला कोण पैसे घालील? ती सार्वजनिक पैशानेच व्हायला हवी.

आणखी दोन गोष्टी मी आता पैशाच्या आधी बोलते. पहिली, ईजीएफआर आणि एएलके या जनुकांची तपासणी. आपल्याकडच्या ॲडिनोकार्सिनोमा प्रकारच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांत साधारण चौथ्या हिश्शाला ईजीएफआरचा बदल सापडतो, आणि अशांना इम्युनोथेरपीचा फायदा कमी असतो. त्यांना गेफिटिनिबसारखी जेनेरिक गोळी मिळते, महिन्याला काही हजारांत. भाकरीवाल्या मावशींचा रिपोर्ट तसाच निघाला. ‘तपासणीला कशाला इतके पैसे’ म्हणणारा त्यांचा मुलगा लाखांची जुळवाजुळव करायला मात्र तयार होता. दुसरी गोष्ट पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणारी सेवा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये सुरुवातीपासून ही सेवा मिळालेल्यांचा मध्यक आयुष्यकाळ ११.६ महिने निघाला, न मिळालेल्यांचा ८.९. निव्होलुमॅबची गाजलेली चाचणी आहे चेकमेट-०१७, तिथे ९.२ महिने, विरुद्ध केमोचे ६. दोन्हींतले रुग्ण वेगळे, टप्पे वेगळे. आणि पाच वर्षं काढणारे मूठभर इम्युनोथेरपीच देते, मॉर्फिन देत नाही. तरीही तीन महिन्यांच्या आसपासची ती मिळकत नर्स, समुपदेशक आणि वेळेवर दिलेल्या वेदनाशामकांतून आली. तिला कुणी जमीन गहाण टाकली नव्हती.

कंडक्टर काकांना मदत योजनेतून डोस सुरू झाले. मुलाने पीएफ काढला, गावाकडचा अर्धा एकर विकला. पहिल्या स्कॅनला गाठी वाढलेल्या निघाल्या आणि थांबायचं ठरलं. त्याच सुमारास सुरू केलेल्या एक निवृत्त शिक्षिका दोन वर्षांचे सगळे डोस पुरे करून अजून फॉलोअपला येतात. पीडी-एल१ दोघांचंही जवळजवळ सारखंच. काकांचा मुलगा नंतर मृत्यूच्या दाखल्याच्या कामाला आला तेव्हा विचारत होता, “ताई, आम्ही चुकलो का?” मी म्हटलं, नाही. बाईंच्या घरचेही शहाणे ठरले नव्हते. दोन्ही घरांनी सारख्याच माहितीवर सारखाच निर्णय घेतला होता. त्या निर्णयाची जोखीम अर्ध्या एकराएवढी असायला नको होती, एवढंच.

सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत पेम्ब्रोलिझुमॅबचा वापर फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी घातला. आधी किमतीचा विचार होऊन या वापरासाठीचे अर्ज मागे पडले होते. या यादीमुळे उद्या माझ्या टेबलावर काही बदलणार नाही, पण मागणी करायला कागद मिळाला. योजनेत इम्युनोथेरपी सरसकट घाला असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर तोंडाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचे पैसे तिकडे वळतील, आणि त्यांत बरे होणारे कितीतरी जास्त आहेत. मी एवढंच म्हणते: पीडी-एल१ ५० टक्क्यांच्या वर, ईजीएफआर-एएलके नाही, माणूस हिंडता-फिरता, डोस वजनावर, पहिल्या स्कॅनला फायदा नसेल तर बंद. एवढ्या अटींत बसणारे राज्यात किती, ते मोजा, त्या सगळ्यांची खरेदी एकत्र करा आणि मग कंपनीला विचारा, किती देता? उत्तर मर्यादेबाहेरचं आलं तर ‘नाही’ म्हणा. ‘नाही’ म्हणण्याची ताकद सरकारात आहे, त्यासाठी लागणारा भागाकारही आता त्याच्या हाताशी आहे. बाप खोकत शेजारी बसलेला असताना ते काम मुलाने करायचं नसतं.